पेशवाईवरची कादंबरी कानांनी कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई रोज डोंबिवलीहून फोर्टला जातात. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड शाळेपासूनचं, पण लोकलच्या गर्दीत सहाशे-सातशे पानांचं पुस्तक उघडणार कुठे, म्हणून त्यांनी ऑडिओबुकचं सभासदत्व घेतलं. पानिपतावरची एक मोठी कादंबरी सुरू केली आणि पाच-सहा तास ऐकून सोडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा सोडली. त्या लिहितात, "नावं एकमेकांत मिसळतात. कोण बोलतंय ते कळेपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असतो. लढाई सुरू झाली की माझं लक्षच उडतं. ऐतिहासिक कादंबरी ही मुळात ऐकायची गोष्टच नाही का?"

ऐकायचीच गोष्ट आहे. आपल्याकडे तर ती आधी ऐकायची होती, वाचायची नंतर झाली. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तो शिवकाळातच, आणि पोवाडा कोणी मनातल्या मनात वाचण्यासाठी रचत नाही. कीर्तनात उत्तररंगाला, म्हणजे उत्तरार्धात, बुवा आख्यान लावतात, त्यात पुराणाइतकाच इतिहासही असतो. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येत होती. अंक घरात आला की एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही त्या काळातली सर्रास रीत. अलीकडे गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि विजय देव यांनी वर्षानुवर्षं केलं आणि लोक नाटकाला जावं तसे त्याला गेले. तेव्हा ऐकणं म्हणजे वाचणं का, हा वाद मी इथेच सोडते. मला त्यात रस नाही.

तुमची अडचण मात्र खरी आहे आणि मला ती माइकच्या या बाजूने चांगली ठाऊक आहे. मी कादंबऱ्या वाचते. आधी सभागृहांत वाचायचे, आता बरीच वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते, आणि माझ्या वाट्याला शिवकाळ आणि पेशवाईच जास्त येते. पहिल्याच दिवशी जे आम्हाला करावं लागतं ते श्रोत्याला कोणी सांगत नाही, म्हणून सांगते: नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं तेवढं धरा.

नावांचा गोंधळ हा तुमच्या लक्ष न देण्यामुळे होत नाही. पेशव्यांच्या घरात आजोबांचं नाव नातवाला जायचं. बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव, बाजीरावांचे बाळाजी, म्हणजेच नानासाहेब. बाजीराव दोन झाले, माधवराव दोन झाले. नाना फडणिसांचं पाळण्यातलं नावही बाळाजीच, बाळाजी जनार्दन. नाना म्हणावं तर पेशव्यांमधले नानासाहेब, कारभारातले नाना फडणीस, आणि पुढे १८५७ मध्ये आणखी एक नानासाहेब. एकाच माणसाला एका पानावर सदाशिवराव, दुसऱ्यावर भाऊसाहेब, तिसऱ्यावर नुसतं भाऊ म्हटलेलं असतं. पुस्तक हातात असलं की डोळा पटकन मागे जाऊन येतो, पहिल्या पानावरची वंशावळ बघतो, आपल्याला कळतही नाही की आपण हे करतो आहोत. कानाला ती सोय नाही. कानाला मागे जायचं तर फोन काढायचा, पंधरा सेकंद मागे, आणखी पंधरा सेकंद मागे, तोवर दादर येतं.

पण कानाजवळ एक गोष्ट आहे जी डोळ्याजवळ नाही. तो हाकेतला भाव ओळखतो. भाऊसाहेबांचंच बघा. नानासाहेब त्यांचे चुलत भाऊ, थोरले. ते 'भाऊ' म्हणतील. फौजेतला माणूस 'श्रीमंत' म्हणेल. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई नाव घेणार नाहीत, त्या 'इकडून येणं कधी झालं' असं विचारतील. आणि मल्हारराव होळकर? ते १६९३ चे, थोरल्या बाजीरावांबरोबर घोडी दामटलेले. पानिपतावर त्यांचं वय सदुसष्ट, भाऊसाहेबांचं तीस. सदुसष्ट वर्षांच्या सुभेदाराला तिशीतल्या सेनापतीशी 'आपण' म्हणून बोलायचं आहे, आणि ते 'आपण' म्हणताना त्याला काय वाटतंय ते लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही. ते मला वाचताना आणावं लागतं. तुम्ही एकदा हे 'आपण' पकडलंत की मल्हाररावांचं नाव उच्चारलं नाही तरी खोलीत कोण बोलतंय ते तुम्हाला कळेल.

आम्ही वाचक याची वही करतो. माझ्या वहीत प्रत्येक पात्राला एक पान असतं आणि त्यावर नाव सोडून बाकी सगळं असतं: वय, कोणाला काय म्हणतो, कोणासमोर बसतो आणि कोणासमोर उभा राहतो, राग आला की आवाज चढतो की उतरतो. श्रोत्याला वहीची गरज नाही, पण एक चिठ्ठी करा. फक्त आठ माणसं. पानिपतासाठी ती साधारण अशी होईल. नानासाहेब: पेशवे, पुण्यात. भाऊसाहेब: त्यांचा चुलत भाऊ, चिमाजी अप्पांचा मुलगा, मोहिमेचा प्रमुख. विश्वासराव: नानासाहेबांचा थोरला मुलगा, अठरा वर्षांचा, नावाला सेनापती. राघोबादादा: नानासाहेबांचे सख्खे भाऊ, या मोहिमेत नाहीत. मल्हारराव: म्हातारे सुभेदार. दत्ताजी आणि जनकोजी शिंदे: काका-पुतण्या, काका आधीच दिल्लीजवळ बुराडी घाटावर मारला जातो. इब्राहिमखान गारदी: तोफा आणि कवायती पायदळ. समोर अब्दाली, आणि त्याला आणणारा रोहिल्यांचा सरदार नजीबखान. दत्ताजी-जनकोजींना एक धरलं आणि अब्दाली-नजीबांना एक धरलं तर झाली आठ. या चिठ्ठीचा फोटो काढून फोनच्या पडद्यावर लावा. दोन दिवसांत तिच्याकडे बघायची गरज उरत नाही. उरली, तर तो दोष बहुतेक वाचणाऱ्याचा असतो.

बाकीची पन्नास-साठ माणसं येतील आणि जातील. त्यांना जाऊ द्या. दरबारातल्या सरदारांची यादी सुरू झाली की मी स्वतः ती जरा लयीत वाचते, कारण लेखकाला तिथे गर्दी दाखवायची असते, हजेरी घ्यायची नसते.

तारखांचंही तसंच, पण तिथे एक छोटा हिशेब हाताशी असू द्या. कादंबरीत शके आलं की त्यात ७८ मिळवा. जानेवारी लागल्यानंतरचा, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतचा महिना असेल तर ७९. 'शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी' म्हणजे १४ जानेवारी १७६१. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. 'चार घटका दिवस वर आला' म्हणजे सूर्योदयाला दीड-एक तास झाला. कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल, प्रांतागणिक कमी-जास्त. एवढ्यावर निभावतं.

आता लढाई. लढाईत लक्ष उडतं ही तक्रार मला इतक्या लोकांनी सांगितली आहे की मी ती श्रोत्यांची मानतच नाही. लढाई लिहिताना लेखक वरून बघत असतो, नकाशा समोर ठेवून. ऐकणारा जमिनीवर असतो आणि त्याला धूळच दिसते. यावर उपाय म्हणजे लढाईच्या आधी स्वतःला एका जागी उभं करायचं. पानिपताला तुमचं तोंड दिल्लीकडे आहे. अब्दाली तुमच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला आहे, म्हणून तर कोंडी झाली. तुमच्या डाव्या हाताला गारद्यांच्या पलटणी. मधोमध भाऊसाहेब, विश्वासराव आणि हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज. उजव्या हाताला शिंदे आणि होळकर. पाठीमागे बुणगे, म्हणजे लढणारे नसलेले हजारो लोक, बायकापोरं, यात्रेकरू. बस्स. गाडीत उभ्या उभ्या डावा हात, उजवा हात मनाशी ठरवून घ्या. मग 'गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली' हे वाक्य आलं की ते डाव्या हाताला घडतं. दुपारी विश्वासरावांना गोळी लागते ती मध्यावर. त्यानंतर उजवीकडून काय होतं ते ऐकताना तुम्हाला नकाशा लागणार नाही.

शिवकाळातल्या लढायांना हा त्रास कमी. तिथे एक गड असतो, एक रात्र असते, एक वाट असते. कोंढाणा असो की पन्हाळ्याचा वेढा, माणसं मोजकी आणि जागा अरुंद. म्हणूनच तुम्ही पानिपतापासून सुरुवात केलीत हे जरा अवघड शिखर निवडलंत असं मला वाटतं. कानाला सवय नसताना एकदम सत्तर-ऐंशी पात्रं आणि पुण्यापासून दिल्लीच्याही पलीकडे जाणारी मोहीम म्हणजे फार झालं. रणजित देसाईंच्या 'पावनखिंड'सारखी छोटी कादंबरी आधी ऐका. बाजीप्रभू, पावसाळा, जुलै १६६० मधली ती पन्हाळा ते विशाळगड रात्र. पुढे काय होणार ते आपल्या सगळ्यांना चौथीच्या इतिहासापासून माहीत आहे, आणि तोच तिचा ऐकायला फायदा: गोष्ट कुठे जाते याची काळजी नसल्यामुळे कान माणसांच्या बोलण्याकडे मोकळा राहतो. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्याही अशाच सुटसुटीत. शिवाय त्यांची भाषा मावळातल्या माणसाच्या तोंडची असल्यामुळे ती वाचण्यापेक्षा ऐकताना जास्त खुलते. छापलेल्या पानावर अडखळायला लावणारी वाक्यं कुणी म्हणून दाखवली की सरळ होतात.

त्यानंतर एका घरात घडणारी कादंबरी. माझ्या मते ऐकण्यासाठी पेशवाईतला सगळ्यात मोठा ऐवज पानिपत नाही, त्याच्यानंतरची अकरा वर्षं आहेत. नानासाहेबांच्या मागे त्यांचे चिरंजीव थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि काका राघोबादादा कारभार बघू लागले. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याने काकांपुढे हार मानली. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघं निजामाविरुद्ध एकत्र लढले. १७६८ मध्ये धोडपला पुतण्याने काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. आता या सगळ्या काळात दोघांचं एकमेकांशी बोलणं कसं असेल याचा विचार करा. सत्ता इकडून तिकडे गेली, पण 'काका' हे 'काका'च राहिले. कैदेत टाकलेल्या माणसाला नमस्कार करायचा आहे. पेशवा म्हणून हुकूम द्यायचा आहे आणि तो 'आपण' म्हणूनच द्यायचा आहे. ही कादंबरी लिहिणाऱ्याला शंभर पानं लागतात, पण ऐकणाऱ्याला कधी कधी एक 'काका' पुरतं. देसाईंची 'स्वामी' १९६२ सालची. तिच्यातले घरातले प्रसंग मोठ्याने वाचून बघा, शेजारी कोणी असेल त्याला ऐकवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

इथेच वाचणारा चांगला की वाईट हे ओळखायची खूण सांगते. राघोबादादांचा जन्म १७३४ चा. माधवराव गादीवर आले तेव्हा काका सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस! माधवरावांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा खून झाला, १७७३ मध्ये, तेव्हाही चाळिशी आलेली नव्हती. पण कितीतरी वाचक राघोबादादांना खर्जातला, घोगरा, कपटी म्हातारा करून टाकतात, कारण आपल्या डोक्यात 'काका' म्हणजे पिकलेल्या मिशा. अशा वाचनात पुतण्या-काका हा झगडा बरोबरीचा राहतच नाही, तो सरळ साधू आणि सैतान होतो. नमुना ऐकताना कादंबरीची सुरुवात ऐकू नका. सुरुवात सगळेच छान वाचतात; सूर्योदय, सह्याद्री, चौघडा. दोन माणसं भांडताहेत असा प्रसंग शोधा. त्यात 'तो म्हणाला', 'ते म्हणाले' हे शब्द कानाआड केले तरी कोण बोलतंय ते कळलं तर पुस्तक घ्या.

आणखी काही गोष्टींवर मी पुस्तक नाकारते. पुरुष वाचकाने स्त्रीपात्रांसाठी आवाज पातळ केला की मी बंद करते. माधवरावांच्या आई गोपिकाबाईंसारखी बाई पातळ आवाजात बोलायला लागली तर त्या बाईची जरब गेली आणि तिच्याबरोबर अर्धी कादंबरी गेली. उलट बाजूने आम्ही बायका वाचताना सरदारांसाठी आवाज जाड करतो, तेही तितकंच वाईट. आवाज बदलायचा नसतो, वेग आणि श्वास बदलायचा असतो. दुसरं, व्यासपीठी आवेश. शिवजयंतीच्या भाषणाला जो सूर लागतो तो वीस मिनिटं छान वाटतो. तीस तासांच्या कादंबरीत तोच सूर लावला तर महाराज जेवायला बसले तरी तुतारी वाजते. तिसरं, पार्श्वसंगीत. नाट्यरूपांतर असेल, दीड-दोन तासांचं, अनेक कलाकार घेऊन केलेलं, तर संगीत हवंच. पण अखंड कादंबरीमागे सतत तंबोरा किंवा बासरी घातलेली असली की समजावं, निर्मात्याचा वाचकावर विश्वास नाही.

माधवरावांच्या खोकल्याची गोष्ट सांगते, कारण श्रोते त्याबद्दल नेहमी विचारतात. माधवराव क्षयाने गेले, थेऊरला, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघे सत्तावीस वर्षांचे. कादंबरीत शेवटची शंभर-दीडशे पानं ते खोकतात. लेखकाने कंसात लिहिलेलं असतं, वाचकाने काय करायचं? प्रत्येक वेळी खोकून दाखवलं तर हेडफोन लावलेल्या माणसाच्या थेट कानात खोकल्यासारखं होतं, आणि तिसऱ्या वेळेला हसू येतं. मी खोकत नाही. मी वाक्य आखूड करते. जिथे एरवी एका श्वासात दोन स्वल्पविराम पार करते तिथे एकाच स्वल्पविरामाला श्वास घेते, आणि आजार वाढेल तसा क्रियापदाआधीच श्वास संपू देते. ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण त्याला धाप लागते. तुम्ही पुस्तक दीडपट वेगाने ऐकत असाल तर हे सगळं वाया गेलं.

म्हणून वेगाबद्दल. मी श्रोत्यांना सव्वापटीच्या वर जाऊ नका असं सांगते, आणि तेही वर्णनाच्या प्रकरणांपुरतं. मराठीत जोडाक्षरं आहेत, ऐतिहासिक मराठीत तर फारसी-अरबीतून आलेले शब्द आणि लांबलचक संबोधनं. वेग वाढला की त्यांचा चुरा होतो. काही ॲपमध्ये मधली शांतता कापून टाकायची सोय असते, ती सापडली तर बंद करून टाका. दरबारात प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत जी शांतता असते, ती बऱ्याचदा उत्तरापेक्षा महत्त्वाची असते, आणि आम्ही ती मोजून ठेवलेली असते.

पत्रं हा आणखी एक भाग, जिथे लोकांचं लक्ष सुटतं. ऐतिहासिक कादंबरीत पत्रं असायचीच: 'विज्ञापना ऐसीजे', 'जाहले', 'करोन', 'पावले'. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. पत्रातलं शेवटचं वाक्य ऐका, मुद्दा बहुधा तिथे असतो; आधीचा मजकूर रीतीचा. याला एक मोठा अपवाद आहे. पानिपताची बातमी नानासाहेबांना जानेवारी १७६१ मध्ये, भेलशाजवळ (आजचं विदिशा), एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. हे पत्र वाचताना रडणारे वाचक मी ऐकले आहेत. पण लिहिणारा सावकार आहे आणि तो सांकेतिक हिशेब लिहितो आहे. तो खतावणी वाचल्यासारखाच वाचायला हवा, जमा आणि खर्च. ऐकणाऱ्याला मोती म्हणजे कोण हे माहीत आहे. वाचणाऱ्याने त्याच्या आधी रडायचं कारण नाही.

कधी आणि कुठे ऐकावं यावर फार सांगण्यासारखं नाही. लोकलमध्ये एक कान मोकळा ठेवा. भाग आधी उतरवून घ्या, कारण कसारा असो की खंडाळा, घाटात आणि बोगद्यांत नेटवर्क दगा देतं. रात्री झोपताना ऐकायचं असेल तर नवं प्रकरण ऐकू नका, सकाळी ऐकलेलंच पुन्हा लावा आणि वीस मिनिटांनी बंद होईल असं घड्याळ लावा. गडावर जाऊन त्याच गडाची कादंबरी ऐकायची हौस अनेकांना असते. मी ते करत नाही. सिंहगडावर वारा, माणसं, पिठलं-भाकरीवाल्यांच्या हाका. तिथे डोळ्यांनीच बघावं. ऐकायचं तर परतीच्या एसटीत. तेव्हा जागा डोक्यात ताजी असते आणि कानाला काम हवं असतं.

एका बाबतीत मात्र सावध करते. कान भाबडा असतो. छापलेल्या पानावर 'कादंबरी' असं लिहिलेलं आपण अधूनमधून पाहतो. तीस तास एक माणूस आपल्या कानात ठामपणे बोलत राहिला की तो सांगतो ते घडलेलंच वाटायला लागतं. संवाद सगळे लेखकाचे आहेत. काही वेळा अख्खं माणूस लेखकाचं असतं, आणि ते वाईट नाही, पण माहीत असावं. संभाजी महाराजांचं उदाहरण घ्या. जुन्या नाटकांतून ते बेफाम, व्यसनी असे रंगवले गेले. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये चरित्र लिहिलं आणि ते चित्र पालटलं. शिवाजी सावंतांची 'छावा' त्यानंतरची, १९७९ ची. म्हणजे त्या कादंबरीतला संभाजी आपल्याला भेटतो त्यामागे एका संशोधकाचं काम आहे. मी ध्वनिमुद्रणाआधी अशा एखाद्या चरित्राची किंवा रियासतीची, म्हणजे सरदेसायांच्या अनेक खंडांतल्या इतिहासाची, संबंधित प्रकरणं वाचते. श्रोत्याने निदान कादंबरी संपल्यावर वाचावीत. पानिपतासाठी त्र्यं. शं. शेजवलकरांचं पुस्तक आहे, बाकी पेशवाईला सरदेसायांची रियासत.

फुकट मिळणाऱ्या रेकॉर्डिंगबद्दलही विचारलं जातं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, नाथमाधव १९२८ मध्ये. त्यांच्या कादंबऱ्या कोणीही वाचून टाकाव्यात आणि कोणीही ऐकाव्यात. देसाई १९९२ मध्ये गेले, दांडेकर १९९८ मध्ये, सावंत आणि ना. सं. इनामदार २००२ मध्ये. यांच्या कादंबऱ्यांची जी फुकट, अनामिक रेकॉर्डिंग फिरत असतात ती बहुतेक विनापरवाना असतात, आणि वाचलेलीही तशीच असतात. हरिभाऊ ऐकायला मात्र जरूर घ्या. ते दर थोड्या वेळाने थांबून वाचकाशी बोलतात, मागे काय झालं ते पुन्हा सांगतात. पुस्तकात हे कंटाळवाणं वाटतं. साप्ताहिकाच्या वाचकासाठी केलेली ती सोय लोकलमधल्या श्रोत्याला अगदी तशीच लागू पडते.

घरात डोळ्यांनी अधू झालेलं वडीलधारं माणूस असेल तर त्यांना हेडफोन देऊ नका, स्पीकर द्या. आणि परदेशातली नातवंडं, जी मराठी बोलतात पण देवनागरी वाचताना दमतात, त्यांना इतिहासाचं दार कानाकडूनच उघडतं. फक्त त्यांना पहिल्यांदाच पेशवे देऊ नका, शिवाजी महाराज द्या. नावं कमी आहेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पानिपतावरची कादंबरी परत पहिल्यापासून सुरू करू नका. तुमचे पाच-सहा तास फुकट गेलेले नाहीत, फक्त माणसांवर चिकटलेले नाहीत. वरची चिठ्ठी करा, मध्ये एक छोटी कादंबरी ऐकून घ्या, आणि मग थेट कुंजपुऱ्याचा प्रसंग लावा. १७६० चा ऑक्टोबर, दसऱ्याच्या सुमाराचे दिवस, मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आहे, फौज खुशीत आहे आणि तिकडे अब्दाली बागपताला यमुना ओलांडतो आहे. छावणीत त्या दिवसांत मल्हारराव भाऊसाहेबांशी जे काही बोलतील, त्यातलं 'आपण' ऐका.